अक्कलदाढ गेली, जबडा अडला

या व्याख्यानमालेत लोकशाहीपासून ललितकलांपर्यंत मोठमोठे विषय होऊन गेले. त्यांच्यामागून आम्ही अक्कलदाढ घेऊन उभे राहिलो, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल आणि काहींस हसूही येईल. हसणाऱ्यांविषयी आमची तक्रार नाही. हसण्यास तोंड उघडावे लागते. ज्यास ते उघडता येते त्याने अवश्य हसून घ्यावे. घास समोर असून तो तोंडात घालता येत नाही, जांभई आली तर ती अर्ध्यावर गिळावी लागते, जीभ दाखवा म्हटले तर तिचे टोकच तेवढे बाहेर येते, अशा अवस्थेत जो आठ दिवस काढतो त्यास हा विषय लहान वाटत नाही.

मागे एका हिवाळ्यात, ऐन हुरड्याच्या दिवसांत, शुक्रवार पेठेतील आमच्या घरी हा प्रसंग आला. आमच्या पुतण्याची खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी अडकली होती. ती काढावी लागली. हिरडीला छेद, थोडे हाड कोरणे, शेवटी दोन टाके, असे सर्व रीतसर झाले. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी गाल सुजला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो तोंड उघडेना! वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांमध्ये एक बोट जेमतेम शिरे. समोर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी; आणि हा दात न हलवता म्हणतो, "काका, कुलूप लागलंय बघा."

मग घरात सल्लागार जमले. एकाने सांगितले, जबड्यास पूर्ण विश्रांती द्या, मफलर गुंडाळा, बोलूही नका. दुसऱ्याने सांगितले, चमच्याचा दांडा घालून एकदाच जोराने उघडा, सुटून जाईल. आमच्या आईने मात्र कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अरे, दातखीळ बसली की काय! धनुर्वात तर नव्हे ना?" तिन्ही सल्ले मायेचे होते. परंतु पहिल्या सल्ल्याने दुखणे लांबते, दुसऱ्याने वाढते आणि तिसऱ्याने घरदार घाबरते. आईच्या भीतीत मात्र काहीच तथ्य नव्हते असे नाही. तिच्याकडे पुढे येऊ. दंतवैद्याने दिलेल्या चिठ्ठीवर औषधे लिहिलेली होती, पण जबड्याविषयी एक अक्षर नव्हते. जे त्या चिठ्ठीवर नव्हते ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जबडा उघडतो कसा ते पाहू. वाचकांनी आपल्या कानाच्या किंचित पुढे एकेक बोट ठेवावे आणि तोंड हळूहळू उघडावे. आरंभी बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरते; दाराची बिजागरी फिरावी तसे. सुमारे 20 ते 25 मिलिमीटर तोंड उघडेपर्यंत एवढ्यावर भागते. त्यापुढे उघडू लागताच बोटाखालचे हाड पुढे सरकते आणि मागे खळगा पडतो. म्हणजे हा सांधा आधी फिरतो आणि मग घसरतो. दार अर्धे उघडल्यावर बिजागरीच पुढे सरकू लागावी, असा हा प्रकार आहे. मोठ्या माणसाचे तोंड अशा रीतीने साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडते. ज्याची त्याने मोजण्याची सोपी रीत म्हणजे स्वतःची तीन बोटे, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पटाशीच्या दातांमध्ये घालावीत. ती गेली की तोंड पुरेसे उघडले.

जबडा मिटण्याचे काम करणारे स्नायू बळकट आहेत. एक कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला. एक गालाच्या मागच्या भागात, दात आवळले की हातास टणक लागतो तो. आणि तिसरा जबड्याच्या आतल्या बाजूस, बाहेरून न दिसणारा. बाहेरचा आणि आतला असे हे दोन स्नायू जबड्याच्या कोनास झोळीसारखे धरून ठेवतात. खालची अक्कलदाढ नेमकी या झोळीच्या काठाशी असते. आमच्या सगळ्या विषयाचे मर्म या शेजारात आहे. शेजारी भिंत पाडू लागले तर आपल्या घरात धूळ येणारच. तसेच दाढ काढताना या स्नायूंना त्याची झळ लागते.

जबड्यास संस्कृतात 'हनु' म्हणतात. इंद्राच्या वज्राने हनुवटी दुखावली म्हणून मारुतीस हनुमान हे नाव पडले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मधल्या मारुतीपुढे हात जोडताना त्या नावात एका दुखावलेल्या जबड्याची आठवण आहे, हे मात्र फारसे कोणाच्या मनात येत नसेल. जबडा आखडण्यास आयुर्वेदाने 'हनुग्रह' असे नाव दिले आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अधिमांस' नावाचा एक विकार सांगितला आहे: शेवटच्या दाढेशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीत अन्न अडकून जी सूज येते, तिचेच हे वर्णन आहे, असे आजचे जाणकार मानतात. अशा सुजेनेही तोंड मिटते. पण तेथे दाढ हेच कारण असते आणि ती काढल्यावर तोंड उघडू लागते. आमच्या पुतण्याचे उलट होते. दाढ असताना तोंड उघडत होते आणि ती गेल्यावर मिटले. आजचे डॉक्टर दोन्हींस एकच नाव देतात, ट्रिझमस.

दाढ गेल्यावर असे का व्हावे? एक तर सूज. हाड कोरले, हिरडी उचलली, म्हणजे त्या जागी रक्त व रस जमणारच. तो पसरून स्नायूंत शिरतो. ही सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणून तोंडही तेव्हाच सर्वांत कमी उघडते. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी बरे वाटले आणि तिसऱ्या सकाळी बिघडले, यात काही विपरीत नाही. बहुतेकांचा अनुभव असाच असतो. लोक घाबरतात ते मात्र नेमके याच सकाळी.

दुसरे कारण भुलीची सुई. खालच्या दाढेची भूल दाढेपाशी देऊन पुरत नाही. जबड्याच्या आतल्या बाजूने जाणारी मज्जा गाठावी लागते, आणि त्या वाटेवर तो आतला, न दिसणारा स्नायू असतो. सुईने त्यात थोडे रक्त साकळले तर तो आखडतो. हे आखडणे कधी दोन-चार दिवसांनी सुरू होते आणि सुजेहून जास्त दिवस रेंगाळते. म्हणून सुईस दोष देऊन चालणार नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी 11 डिसेंबर 1844 रोजी होरेस वेल्स या दंतवैद्याने हास्यवायू हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ काढवून घेतली. तोपर्यंत दाढ काढणे म्हणजे दोघांनी धरणे आणि तिसऱ्याने ओढणे, असाच मामला होता. पुढे 1884 साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेन टोचून जबड्याची ही मज्जा प्रथम बधिर केली. त्या प्रयोगांच्या पायी हॉल्स्टेड स्वतःच कोकेनच्या आहारी गेले! 1943 साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले, आणि आज आपल्याला टोचतात ते बहुधा तेच. ज्या सुईसाठी इतक्यांनी इतके सोसले तिच्यापायी आपण दोन आठवडे जबडा आखडून घेतला, तर तो व्यवहार आम्हांस महाग वाटत नाही.

तिसरे कारण रोग्याच्या मनातच असते. पाय मुरगळला की आपण तो नकळत आखडून धरतो. तसेच येथे दुखेल या भीतीने स्नायू स्वतःस आवळून घेतो. आवळल्याने अधिक दुखतो. दुखल्याने अधिक आवळतो. पहिल्या दोन दिवसांत हे आवळणे उपकारकच आहे, कारण त्यामुळे जखमेस स्वस्थता मिळते. त्यानंतर मात्र ती नुसती सवय उरते. सूज ओसरते, टाके निघतात आणि जबडा तसाच, कारण त्यास कोणी हलवलेलेच नाही. मफलरवाल्या सल्लागाराची चूक ती हीच.

आता उपायांकडे वळू. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटे धरून, मग तितकाच वेळ काढून. या दिवशी चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने ओढून काही पिऊ नये. दाढेच्या खळग्यात रक्ताची गुठळी बसलेली असते, तीच जखमेचे झाकण आहे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याची चूळ, जेवणानंतर प्रत्येक वेळी, जोराने न खळबळवता. दोन दिवस उलटले की बर्फाचे काम संपते आणि शेकण्याचे सुरू होते. कोमट पाण्यात पिळलेला पंचा गालावर पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दिवसातून चार-पाच वेळा. शेकल्यावर स्नायू सैल पडतो. व्यायाम करायचा तो त्याच वेळी.

हा व्यायाम अगदी साधा आहे. आरशासमोर बसावे. तोंड हळूहळू उघडावे, ताण जाणवेल तेथवर. दुखेल तेथवर नव्हे. मनात पाच आकडे मोजावेत आणि मिटावे. असे दहा वेळा. मग जबडा डावीकडे, उजवीकडे आणि थोडा पुढे न्यावा. वर सांगितलेले सांध्याचे घसरणे याच हालचालींनी परत येते. नुसत्या उघडझापेने बिजागरीच तेवढी फिरत राहते. दर तीन-चार तासांनी हे करावे. एकदाच अर्धा तास झगडण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा पाच मिनिटे करणे कितीतरी अधिक फळ देते. आठवड्याने प्रगती थांबल्यासारखी वाटली तर दंतवैद्यास विचारून लाकडी चपट्या काड्यांचा उपयोग करतात. आइस्क्रीमच्या असतात तशा. दातांमध्ये सहज मावतील तितक्या एकत्र ठेवायच्या आणि दोन-तीन दिवसांनी मध्ये एक नवी सरकवायची. चमच्याचा दांडा आणि ही काडी यांत फरक एवढाच, की दांडा जबड्यास हुकूम करतो आणि काडी त्याची वाट पाहते. जोर केला तर आखडलेला स्नायू आतून फाटतो, पुन्हा रक्त साकळते आणि चार दिवसांचे काम चार आठवड्यांवर जाते.

औषधांविषयी थोडक्यात. वेदनेची गोळी सहन होत नाही तोवर टाळणे यात शौर्य नाही. दुखणे कमी असेल तरच जबडा हलतो, म्हणून सांगितलेल्या वेळी ती घ्यावी आणि व्यायाम तिचा अंमल चढल्यावर करावा. गोळी कोणती व किती हे मात्र आपल्या डॉक्टरांनीच सांगावे. ज्यांना आम्लपित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांना सर्वच गोळ्या मानवत नाहीत.

खाण्याचा प्रश्न सोलापुरात थोडा वेगळा आहे. आपली कडक भाकरी ही महिना महिना टिकणारी, प्रवासाची सोबतीण; पण या आठवड्यात तिच्याशी सामना नको. तीच कुस्करून आमटीत किंवा दुधात अर्धा तास भिजवली की बोटाएवढ्या फटीतूनही जाते. ज्वारीची आंबील, हुलग्याचे माडगे, मऊ भात, वरण आणि ताक यांवर आमच्या पुतण्याने आठवडा काढला व वजन फारसे घटू दिले नाही. शेंगाची चटणी मात्र पंधरा दिवस बंद. तिखटाचे कारण दुय्यम आहे. तिचा रवाळ कूट दाढेच्या खळग्यात जाऊन बसतो आणि चुळीनेही निघत नाही. पुतण्यास दाढ गेल्याचे दुःख नव्हते. या बंदीचे होते. "एवढीशी खाऊ दे की, काका," हे त्याचे पालुपद आम्ही पंधरा दिवस ऐकले.

या सर्व काळात आम्ही त्यास एक काम नेमून दिले होते. रोज सकाळी शेकल्यावर पट्टीने वरच्या व खालच्या दातांमधले अंतर मोजायचे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहायचे. तिसऱ्या दिवशी 14 मिलिमीटर, पाचव्या दिवशी 17, सातव्या दिवशी 23. एका दिवशी आकडा हलला नाही तरी बिघडत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तो मागे जाऊ लागला तर ती धोक्याची खूण समजावी. एरवी आठवडा ते दोन आठवड्यांत बहुतेकांचे तोंड पूर्ववत होते.

आता धोक्याच्या खुणांविषयी, आणि येथे आम्ही थट्टा बाजूस ठेवतो. चौथ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, ताप येत असेल, पू येत असेल, तर जखमेत जंतूंनी ठाण मांडले आहे. त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावे. गिळताना त्रास होऊ लागला, हनुवटीखाली टणक सूज आली, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटली, आवाज बदलला, निजल्यावर श्वास कोंडू लागला, तर मग सकाळची वाट पाहू नये. रात्र असो की पहाट, थेट मोठे रुग्णालय गाठावे. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 साली वर्णिलेला हा विकार काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकतो. याउलट तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणे एकदम वाढून कानापर्यंत ठणका जाऊ लागला आणि तोंडास दुर्गंधी येऊ लागली, पण ताप नाही, तर खळग्यातली गुठळी निघून हाड उघडे पडलेले असते. हे जिवावरचे नसते, मात्र ठणका असह्य असतो. दंतवैद्य खळगा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि त्याच दिवशी आराम पडू लागतो.

आणि आईची ती दातखीळ? धनुर्वातातही पहिली खूण जबडा आखडणे हीच असते, म्हणून तिची भीती अज्ञानाची म्हणता येणार नाही. परंतु त्यात गाल सुजत नाही; दोन्ही बाजू सारख्याच आवळतात; रोज घट्टपणा वाढत जातो, आणि मान, पाठ, पोट यांचे स्नायूही ताठरतात. असे काही दिसले तर दाढेचा विचार सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे. आमच्या पुतण्याचा डावा गाल लिंबाएवढा सुजलेला होता, मान मोकळी होती आणि धनुर्वाताची लस वेळच्या वेळी टोचलेली होती. एवढे समजावून सांगितल्यावर आईने देवापुढचा नारळ परत डब्यात ठेवला.

आणखी एक प्रकार आहे, आणि आपल्या शहरासाठी तो सर्वांत महत्त्वाचा. काही लोक सांगतात, "दाढ काढली आणि तेव्हापासून तोंड उघडत नाही, वर्ष झाले." अशा माणसास आम्ही एकच प्रश्न विचारतो: दाढ काढण्यापूर्वी किती उघडत होते? बहुतेकांस सांगता येत नाही. मग दुसरा प्रश्न: सुपारी, मावा, गुटखा? यावर बहुधा मान खाली जाते. सुपारीत एक द्रव्य असते, आरेकोलीन. तोंडाच्या नाजूक अस्तराखाली ते तंतूंचे जाळे वाढवत जाते; वर्षानुवर्षे अस्तर पांढुरके, ताठ, दोरीसारखे होते आणि तोंड मिलिमीटर-मिलिमीटरने मिटत जाते. आधी तिखट झोंबू लागते, मग शिट्टी वाजवता येत नाही, मग गाल फुगत नाहीत. हे इतके सावकाश घडते की रोग्यास कळतही नाही. एक दिवस दाढ दुखते, दंतवैद्याचे हत्यार आत शिरत नाही, आणि सारा दोष दाढेच्या माथी पडतो. 1952 साली पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत हा विकार नोंदला गेला. 1953 साली डॉ. जोशी यांनी मुंबईहून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने नुसती सुपारीही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवली. 2012 साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. कायदा झाला, गालात धरून ठेवलेली पुडी मात्र कायद्याने थुंकली जात नाही. गिरण्यांच्या पाळीत झोप येऊ नये म्हणून लागलेली तंबाखूची सवय आजोबांची. गिरण्या गेल्या, आणि नातवाने मावा उचलला.

या विकारात वर सांगितलेला व्यायाम लागू पडतो, पण पुरत नाही. एकदा विणले गेलेले जाळे पूर्ण उसवत नाही; सुपारी सोडल्यास त्याची वाढ रोखता येते, औषधे टोचून आणि काही वेळा शस्त्रक्रियेने थोडे तोंड मोकळे करता येते. त्याच अस्तरात पुढे कर्करोग उद्भवू शकतो, म्हणून वरचेवर तपासणी करून घेणे भाग असते. सोलापुरात यासाठी लांब जावे लागत नाही. 1963 साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, केगावला दंत महाविद्यालय आहे.

म्हणून आमची सूचना अशी, की दाढ काढायची ठरली की आदल्या दिवशीच तीन बोटे घालून पाहावीत आणि पट्टीने मोजून आकडा लिहून ठेवावा. तो जवळ असला तर पुढे कितीही आखडले तरी कोठे परतायचे ते ठाऊक असते. आणि तीन बोटे आदल्या दिवशीच जात नसतील, तर ते दंतवैद्यास दाढेच्याही आधी सांगावे.

आमच्या पुतण्याचा आकडा अकराव्या दिवशी 36 झाला. बाराव्या दिवशी न विचारता त्याने फळीवरची कडक भाकरी काढली, कडेचा तुकडा मोडला आणि उजव्या बाजूने चावू लागला. आवाज ओसरीपर्यंत आला. चटणीचा डबा मात्र आईने आणखी तीन दिवस पदराखाली ठेवला.